चांगलं गवत

भट्टीवाल्याने लोखंडी आकडी भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत घातली, दातओठ खात एक हिसडा दिला आणि ओंजळीएवढा काळपट हिरवा दगड खणकन फरशीवर येऊन पडला.

"हा बघा तुमचा पाहुणा," तो म्हणाला. "जाळीवर ठाण मांडून बसला होता."

सून खाली वाकली. दगड एका बाजूने काचेसारखा चकाकत होता. गेल्या पंधरवड्यात असे कितीतरी दगड तिने स्वतः ओढून काढले होते, हाताला चटके बसले ते वेगळेच. दिवसातून तीनदा भट्टी बंद पडायची. भिंतीपलीकडच्या खोलीत चार दिवसांची चारशे कोंबडीची पिल्लं होती. ऊब कमी झाली की ती एका कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर चढत आणि खालची गुदमरत. काल सात गेली होती. ती तिनेच बादलीत टाकली होती.

"गवत कापतं कोण?" भट्टीवाल्याने विचारलं.

"माझे सासरे."

"कधी कापतात?"

"फुलोऱ्याच्या तोंडावर. हात आहे त्यांचा त्यात. एक काडी पिवळी पडू देत नाहीत."

भट्टीवाल्याने पोत्यातून मूठभर कुट्टी उचलली आणि नाकाशी नेली. भट्टीत घालायला गवत बारीक चिरून ठेवलं होतं, आणि वर्ष होत आलं तरी त्याचा रंग उतरला नव्हता.

"काय वास आहे! गाय असतो तर मीच फस्त केलं असतं." मग त्याने कुट्टी हळूच पोत्यात परत टाकली. "दुखणं हेच आहे, ताई. हिरवं कापलेल्या गवतात क्षार असतात. गाईच्या ते अंगी लागतात. भट्टीत मात्र वितळतात आणि त्यांचा असा खंगर होतो. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटांचा होतो ना, तसा. भट्टीला मेलेलं गवत लागतं. पावसाने धुतलेलं, उभ्या उभ्या वाळून राखाडी झालेलं."

"म्हणजे जितकं चांगलं, तितकं वाईट?"

"भट्टीपुरतं. सध्या निम्मा खराब मका मिसळा आणि वर मूठभर चुना टाका, पिल्लं निभावतील. पण यंदाचं गवत कापू नका. थंडी सरेपर्यंत उभं राहू द्या."

तो आपली हत्यारं पिशवीत भरू लागला. अंगणातून टक टक असा आवाज येत होता. सासरे दगडावर बसून लांब दांड्याच्या विळ्याची धार ठोकत होते. उद्या कापणी होती.

सासूबाई गेल्या त्याच वर्षी सासऱ्यांनी गायी विकल्या. माणूस शहाणा असता तर गवतही सोडून दिलं असतं. पण पुढची दोन वर्षं ते न चुकता शेतात उतरले. कापलं, वाळवलं, उलटंपालटं केलं, गंजी रचल्या. खाणारं कोणी नव्हतं. गंजी जागच्या जागी कुजल्या आणि ते रोज सकाळी त्यांच्याभोवती एक फेरी मारून यायचे. सुनेला ते बघवेना. पिल्लांचा धंदा सुरू करायचं ठरलं तेव्हा तिने सोयीच्या दहा गोष्टी बाजूला सारल्या आणि गवतावर, दाण्यावर चालणारी ही भट्टी आणली. नवरा बोटीवर नोकरीला, तो फोनवर म्हणाला, "लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत." पहिली पेंढी भट्टीत गेली त्या दिवशी सासरे दोन घास जास्त जेवले, आणि आपण आयुष्यात निदान एक गोष्ट बरोबर केली असं तिला वाटलं.

दाणे जाळणं मात्र त्यांना बघवत नव्हतं. उंदरांनी नासवलेला, बुरशी आलेला मका असला तरी ती तो भट्टीत ओतू लागली की सासरे पायात चपला सरकवून बाहेर जात. आजही गेले. जाताना म्हणाले, "उद्या पहाटेच उतरतो. दव असेपर्यंत विळा चांगला चालतो."

ती "बरं" म्हणाली. काय करणार? जेवताना सांगू म्हणाली, तर जेवताना ते हवेबद्दल बोलत राहिले. पाणी देताना सांगू म्हणाली, तर त्यांना डुलकी लागली होती. सांगू सांगू म्हणता दिवस मावळला आणि संध्याकाळच्या ताटावर तिने कसंबसं तोंड उघडलं.

"बाबा, यंदा गवत नको कापूया."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "का?"

"तो भट्टीवाला म्हणाला..."

"माझा हात थरथरतो म्हणाला?"

गेल्या थंडीपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते तो लपवत होते आणि ती बघत नसल्यासारखं करत होती. दोघांनीही आजवर त्याचं नाव काढलं नव्हतं. आत्तासुद्धा तो हात टेबलाखाली गेला.

"नाही हो, बाबा. गवत फार चांगलं आहे म्हणाला. म्हणूनच खंगर धरतो. भट्टीला वाईट गवत लागतं."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"पोरी, तुला खोटं बोलता येत नाही. म्हातारा झालो म्हण, ऐकून घेईन. पण माझ्या तोंडाला असली साखर लावू नकोस."

"मी खरं सांगतेय!"

"एवढं चांगलं गवत की जळत नाही. व्वा."

तिला राग आला. आजवर त्यांचं मन राखायला ती छोट्यामोठ्या शंभर थापा मारत आली होती आणि त्या सगळ्या पचल्या होत्या. आज पहिल्यांदा खरं बोलली, तर तेच नेमकं घशाखाली उतरेना. ती उठली, तिने तो दगड आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. अर्धं ताट तसंच टाकून ते झोपायला गेले. भांडी घासताना तिला रडू आलं. हा माणूस उद्या शेतात उतरला तर पिल्लं हातची जाणार होती, आणि न उतरला तर माणूस.

पहाटे तिला जाग आली तेव्हा सासऱ्यांचं अंथरूण रिकामं होतं आणि धुराड्यातून धूर निघत होता. ती तशीच धावत गेली. सासरे भट्टीसमोर फतकल मारून बसले होते. पुढ्यात पत्र्याचा तुकडा होता. त्याच्या एका बाजूला तीन काळे खडे होते, दुसऱ्या बाजूला राखेचे तीन छोटे ढीग. बाजूला करड्या, मोडक्या गवताचा एक भारा पडला होता.

"कुंपणाकडचं आहे," ते मागे न बघता म्हणाले. "गेल्या सालचं. तिथे दगड आहेत, म्हणून मी विळा घालत नाही."

ती दारातच उभी राहिली.

"माझं तीनदा जाळलं. हे तीनदा जाळलं." त्यांनी चिमूटभर राख बोटांत चोळली. "पीठ आहे नुसतं. जनावरापुढे टाकलं असतं तर त्याने लाथ मारली असती."

भिंतीपलीकडे पिल्लांचा एकसारखा चिवचिवाट चालला होता.

"काल खरं बोलत होतीस तू."

"हो."

"हं," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यातला विळा त्यांनी खांद्यावर टाकला आणि बाहेर पडले.

चपला न घालताच ती मागोमाग निघाली. शेतात गवत कमरेइतकं वाढलेलं, दवाने जड झालेलं, नुकताच फुलोरा डोकावू लागलेला. कापायचा दिवस असावा तर असा. सासरे बांधावर थांबले होते. तेवढ्यात शेजारचा दूधवाला सायकल हाकत आला आणि कुंपणाला पाय टेकवून उभा राहिला.

"काका, दोन दिवस वाट बघतोय. तुम्ही उतरल्याशिवाय या बाजूला कोण उतरतं कधी? अंगात बरं नाही का?"

सुनेला वाटलं, सुटलो. आजारपणासारखं सोपं कारण नाही.

"हो, जरा कणकण..." ती म्हणू लागली.

"कसली कणकण? मला काय धाड भरलीये?" सासरे म्हणाले. त्यांनी उजवा हात वर करून तिला थांबवलं. हात थरथरत होता. दूधवाल्याने तो पाहिला आणि त्यांनीही पाहू दिला. "गवत तयार नाही अजून."

दूधवाल्याने गवताकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा गवताकडे. त्याने डोकं खाजवलं.

"मग माझंही थांबवू म्हणता?"

"तू आजच काप. तुझ्याकडे गायी आहेत. माझं तयार नाही म्हणतोय मी."

"आणि कधी होईल?"

"थंडी सरेल तेव्हा."

दूधवाल्याने सुनेकडे पाहिलं. सून कुंपणाची तार फार लक्षपूर्वक बघत होती. तो काहीतरी पुटपुटला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

वाऱ्याची एक झुळूक गवतावरून आली. त्या वासाने सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग शेताकडे पाठ केली आणि विळा तिच्यापुढे धरला.

"तेल लावून ठेव. गंजायला नको."

"ठेवते, बाबा."

तिने दांडा धरला. त्यांनी तो लगेच सोडला नाही. ती ओढत नव्हती आणि तेही ओढत नव्हते. दोघं तसेच थोडा वेळ एका दांड्याला धरून उभे राहिले.