प्रश्न क्रमांक सातच्या फेरतपासणीबाबत

बाबांना जागा मिळाली. सरकारी खर्चाच्या, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो.

तर असं काही झालेलं नाही. पत्र आलेलं नाही. फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली जो कागद आहे, ते पिझ्झाचं कूपन आहे. त्यावर बाबांचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख छापलेली आहे, हा पिझ्झावाल्यांचा आगाऊपणा. बाबा वर त्यांच्या खुर्चीत बसलेत, मी खाली बेसमेंटमध्ये लॅपटॉप उघडून बसलोय, बाहेर विनिपेग आहे आणि उणे एकतीस आहे. सगळं नेहमीसारखं चाललंय.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते सांगतो.

बाबा म्हणजे विश्वनाथ सर. परतवाड्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापक. विषय भूगोल, छंद कॉपी पकडणे. माझी मोठी बहीण श्रावणी त्यांच्याच शाळेत होती. सहामाहीला तिने शेजारच्या मुलीला खोडरबर दिलं, तर बाबांनी दोघींचे पेपर काढून घेतले. खोडरबरावर काहीही लिहिलेलं नव्हतं. बाबा म्हणाले, हेतू होता.

सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. पहिली तीन वर्षं त्यांनीच मला हे शहर शिकवलं. इथे रेड आणि असिनिबॉइन या नद्यांचा संगम होतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. तोवर त्या जागी मी फक्त पार्किंग शोधलं होतं.

मग ते विसरायला लागले. आधी शब्द गेले, मग शब्दांच्या जागा. एकदा त्यांनी माझे स्नोबूट ओव्हनमध्ये ठेवले, कारण बाहेर थंडी होती आणि मी येणार होतो. हेतू चांगला होता. बूट भाकरीसारखे फुगले. दुसऱ्यांदा ते शाल गुंडाळून कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर गेले आणि तिथल्या सात लोकांना उंचीप्रमाणे उभं करून प्रार्थना घेतली. मी पळत पोचलो तेव्हा सातही जण हात जोडून उभे होते. कॅनेडियन माणूस फार सभ्य असतो. बस आली तेव्हा ते बाबांची परवानगी घेऊन चढले.

या गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, म्हणून मी त्याच सांगतो. रोज तीनदा अंथरूण बदलावं लागतं, ही गोष्ट सांगत नाही.

डॉक्टरांनी सुचवलं, लाँग टर्म केअरसाठी अप्लाय करा. पद्धत अशी : केस को-ऑर्डिनेटर घरी येऊन असेसमेंट करते, मग एक पॅनेल ठरवतं की या माणसाला खरंच चोवीस तास कोणी लागतं का. लागत असेल, तर जागा मिळते आणि बहुतेक खर्च सरकार उचलतं. लागत नसेल, तर मी आहेच.

पहिल्या वेळी आम्ही नापास झालो. म्हणजे बाबा पास झाले.

चूक माझीच. घरी कोणी येणार म्हटल्यावर आपण जे करतो, ते सगळं मी केलं. व्हॅक्यूम फिरवला, औषधांचे डबे कपाटात दडवले, बाबांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कांदेपोहे केले. बाबांना वाटलं, शाळेचं इन्स्पेक्शन आहे. इन्स्पेक्शनमध्ये ते आयुष्यात कधी कमी पडलेले नाहीत. को-ऑर्डिनेटरचं नाव मारिसेल, मूळची फिलिपिन्सची. तिने विचारलं, सध्या कोणता ऋतू चालू आहे? बाबांनी तिला पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असतो इथपासून समजावून सांगितलं, अस्खलित इंग्रजीत. टेबलावरचं संत्रं सूर्य झालं. मारिसेलने दोन वेळा पोहे घेतले. जाताना दारात तिने मला हळूच विचारलं, तुला जड जातंय का?

पाहुण्यासमोर 'जड जातंय' म्हणायचं आपल्यात वळण नाही. मी म्हटलं, छे, नो प्रॉब्लेम.

तिने तेच लिहिलं. पॅनेलने तेच वाचलं. कुटुंब समर्थ आहे.

समर्थ कुटुंबाने नोव्हेंबरात एक काम केलं. होम केअरची बाई सकाळी तासभर यायची, पण ग्रोसरी संपली होती आणि ती येऊन गेली होती. मी बाहेरून कुलूप लावून गेलो. वीस मिनिटं म्हणून गेलो, चाळीस लागली, कारण टोफू सेलवर होता. परत आलो तर बाबा खिडकीत उभे होते, अंगात माझा जाड कोट, हातात मिटन्स, आणि काचेवर आतून थापा मारत होते. किती वेळ मारत होते, माहीत नाही. मला बघून ते थांबले आणि म्हणाले, "शिपायाला सांगा, घंटा झाली."

मला टोफू आवडत नाही.

जानेवारीत मारिसेल परत येणार असं ठरलं. या वेळी तयारी पक्की हवी, असं मी ठरवलं आणि उलटी कॉपी शोधून काढली. सहा प्रश्नांची यादी केली, समोर चुकीची उत्तरं लिहिली. वार विचारला, तर रविवार सांगा. गाव विचारलं, तर नागपूर. ऋतू विचारला, तर उन्हाळा. रोज दुपारी सराव. बाबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"चुकीचं लिहून मार्क मिळवायचे, हे कोणतं बोर्ड रे?"

दोन आठवडे ते बधले नाहीत. सकाळी माझ्या नावाऐवजी आईचं नाव घेत, पण वार विचारला की ताठ बसून अचूक वार सांगत. मी चिडायचो. माणसाला आठवतंय म्हणून त्याच्यावर चिडणारा मुलगा म्हणून माझी नोंद व्हायला हरकत नाही.

असेसमेंटच्या आदल्या रविवारी दुपारी कॅनडातल्याच लव्हालहून श्रावणीताईचा फोन आला. मी बेसमेंटमध्ये होतो. बाबा वर त्यांच्या जागी, म्हणजे जमिनीतल्या हिटिंगच्या जाळीजवळ. तिथून गरम हवा येते, म्हणून त्यांनी खुर्ची ओढून तिथे नेली आहे आणि दिवसभर जाळीवर पाय ठेवून बसतात. ताईने विचारलं, कसं चाललंय? मी आधी बसस्टॉपचा किस्सा सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "तो सांगून झालाय, निहार. तू कसा आहेस?"

मी म्हटलं, "ताई, मला आता होत नाही. कुणीतरी घेऊन जाऊ दे त्यांना. कुणीही."

म्हटलं आणि नंतर टेक्निकल मीटिंग आहे असं सांगून फोन ठेवला. रविवारी.

सोमवारी सकाळी बाबांनी चहा पिता पिता हात पुढे केला. "आण तुझा तो कागद." मला वाटलं, सरावाला फळ आलं. दिवसभर ते पाठ करत होते.

मंगळवारी मारिसेल आली. या वेळी घर जसं होतं तसं ठेवलं होतं. पोहे नव्हते. वार कोणता? बाबा म्हणाले, संडे. गाव? नागपूर. ऋतू? समर. बाहेर एक माणूस भुवयांवरचा बर्फ झटकत गाडीची काच खरडत होता. साल, महिना, घराचा पत्ता. सहापैकी सहा चूक, माझ्या अक्षरातल्या यादीबरहुकूम, माझ्याच क्रमाने. मी खाली मान घालून गंभीर बसलो होतो आणि मनातल्या मनात, सांगायला लाज वाटते, त्यांना शाबासकी देत होतो.

मग मारिसेलने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे हात करून तिने सहज विचारलं, आणि हा तरुण कोण?

हा प्रश्न यादीत नव्हता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उशिरा आलेल्या मुलाकडे पाहायचे तसं, पायांपासून वर. मग मारिसेलकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "हा मदतीला येतो. चांगला मुलगा आहे. खूप उशिरापर्यंत थांबतो. त्याला आता घरी जाऊ द्या."

मारिसेलने ते लिहून घेतलं. लिहिताना पेन एकदा थांबलं. जाताना दारात तिने तोच प्रश्न परत विचारला आणि मी म्हटलं, हो, जड जातंय. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला बूट घालायला खुर्ची दिली, कारण दुसरं काय द्यावं ते सुचेना.

मग मी बेसमेंटमध्ये जाऊन बसलो. तिथल्या छतातून गरम हवेची पत्र्याची नळी जाते, बाबांच्या जाळीकडे. तिच्यातून आवाज आला. हळू, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"वार मंगळवार. गाव विनिपेग, प्रांत मॅनिटोबा. ऋतू हिवाळा, उत्तर गोलार्ध." साल बरोबर. महिना बरोबर. पत्ता पोस्टल कोडसकट बरोबर. बाबा पेपर परत सोडवून बघत होते, जसा प्रत्येक हुशार मुलगा घरी आल्यावर बघतो.

मी खुर्चीवर चढून नळीला कान लावला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आवाज जर असा खाली येतो, तर वरही जातो. रविवारी दुपारीसुद्धा जातो.

"प्रश्न सातवा," बाबा म्हणाले. "हा तरुण..."

आणि घर तापवणारी फर्नेस सुरू झाली. उणे एकतीसला ती दर दहा मिनिटांनी सुरू होते आणि तेवढाच वेळ घरघरत राहते. थांबली तेव्हा वर शांतता होती.

मी वर गेलो. बाबांनी डोळे मिटले होते. माझी चाहूल लागताच, न उघडता म्हणाले, "पेपर कसा गेला?"

"चांगला गेला."

"मग झालं तर."

विचारता आलं असतं. बाबा, मी कोण? तीनच शब्द आहेत. दोन्हीपैकी कोणतंही उत्तर आलं असतं, तरी मला तिथे उभं राहावं लागलं असतं. मी विचारलं, चहा ठेवू का?

तर पत्र आलेलं नाही. आलं असतं, तर होकार अठ्ठेचाळीस तासांत कळवायचा असता, आणि त्यातले एकेचाळीस संपले असते, आणि मी उरलेल्या वेळात नर्सिंग होमसाठी बाबांच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवण्याऐवजी हे लिहीत बसलो नसतो :

प्रति,
माननीय अध्यक्ष, असेसमेंट पॅनेल, विनिपेग.

विषय : प्रश्न क्रमांक सातच्या फेरतपासणीबाबत.

महोदय / महोदया,

परीक्षार्थी विश्वनाथ सर यांच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळावी. त्यातील प्रश्न एक ते सहा यांची उत्तरे निम्नस्वाक्षरीकाराने पुरवलेली असून ती सामूहिक कॉपी समजून रद्द करावीत. प्रश्न सातचे उत्तर मात्र परीक्षार्थीचे स्वतःचे आहे. ते उत्तर माहीत नसल्यामुळे चुकले, की माहीत असूनही निम्नस्वाक्षरीकाराची सुटका व्हावी या हेतूने चुकवले, याची तज्ज्ञांकडून तपासणी करून लेखी कळवावे. तपासणी पूर्ण होईपर्यंत निकाल राखून ठेवावा, अठ्ठेचाळीस तासांचे घड्याळ थांबवावे, आणि शक्य असल्यास असेसमेंटच्या आदल्या रविवारची दुपार, दोन वाजून दहा मिनिटे ते दोन वाजून चौदा मिनिटे, एवढा काळ फर्नेस चालू होती अशी नोंद मागील तारखेने करून मिळावी.