रविवारपर्यंत थांबायचं

लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीत बँकेची बाई पैशांचे धडे द्यायला आली, तेव्हा जेवणाची सुट्टी बुडाली म्हणून सगळ्या बायका तोंड वाकडं करून बसल्या होत्या. रंगाऱ्याची बायको तेवढी कान टवकारून ऐकत होती. तिला गरजच तशी होती. नवरा घरं रंगवायचा, हातात कला होती, पण खिशाला भोक. मजुरी मिळाली की मित्रांना खाऊपिऊ घालायचा, लेकीला आणखी एक बाहुली आणायचा. गल्लीत त्याला नवाब म्हणत आणि त्याला ते आवडायचंही, आता बोला!

बाईंचा एक धडा तिने जसाच्या तसा घरी आणला. नेहमीच्या खर्चापलीकडचं काही हवंसं वाटलं, की रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं. तेव्हाही हवंसं वाटलं तरच पैसे काढायचे. बाई म्हणाल्या होत्या, बहुतेक इच्छा आठवड्यात आपोआप विरघळतात.

आणि खरंच विरघळायच्या. लेकीची सायकल विरघळली, नवाबाचे नवे बूट विरघळले. एखाद्याने इच्छा सोडली की बाकीच्या दोघांनी टाळ्या वाजवायच्या, ही भर नवाबाचीच. शाळेत कधी शाबासकी न मिळालेला माणूस तो, टाळ्यांना भुलला. बँकेत शिल्लक साठू लागली. बायकोला मनातून गर्व वाटायचा, खोटं कशाला सांगा.

मग एका रविवारी नवाब म्हणाला, डॉक्टरला दाखवावं म्हणतो. डावा हात दुखतो, जिना चढताना छातीत दाटून येतं. तपासण्या सांगितल्या तर बराच खर्च येईल, हेही त्यानेच वर जोडलं. लेक लगेच म्हणाली, मग पुढच्या रविवारी. बायको क्षणभर घुटमळली. पण लेकीसमोर आपणच घातलेला नियम मोडायचा कसा? दिवसभर शिडीवर उभं राहिलं की अंग दुखणारच, असं म्हणून तिने विषय संपवला.

त्याच आठवड्यात शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरवताना तिच्या मनात आलं, ब्रश तर तो उजव्या हाताने धरतो. मग डावा का दुखावा? घरी येऊन तिने विचारलंच.

"आणि रंगाचा डबा कोण धरतो? तुझा भाऊ?" नवाब म्हणाला, आणि लेक खिदळली.

पुढच्या रविवारी त्याने ऐटीत सांगून टाकलं, विरघळलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. बायकोनेही वाजवल्या, पण तिची नजर त्याच्या कपाळावर होती. डोक्यावर पंखा फिरत असूनही त्याला घाम फुटला होता.

त्यानंतर तो जिन्यात मधेच थांबू लागला, आणि कोणी पाहिलं की तिथल्या भिंतीच्या रंगाला नावं ठेवू लागला. झोपताना पाठीशी उशा रचून टेकून बसू लागला. तिने पुन्हा डॉक्टरचं काढलं, तर म्हणाला, एकदा सोडलेलं असं अधेमधे मागता येत नाही, मॅडम. ती चिडली, पण तिलाही दुसरं काही सुचलं नाही. येत्या रविवारी आपणच त्याच्या वतीने बोलायचं, असं तिने ठरवलं आणि तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

बुधवारी संध्याकाळी ती कामावरून आली, तर नवाब स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून खाली बसलेला. चेहरा पांढराफटक. शेजारी लेक, हातात पाण्याचा पेला. तिने पर्स तिथेच टाकली, शेजाऱ्यांना हाक मारून गाडी आणायला पिटाळलं आणि त्याच्यापाशी बसून त्याचा हात हातात घेतला. कधीपासून असं होतंय, तिने लेकीला विचारलं. लेक म्हणाली, दुपारपासून.

"अगं, मग मला फोन का नाही केलास?"

लेकीने पेला खाली ठेवला.

"बाबा म्हणाले, मोठा खर्च आहे, रविवारी बोलू," ती म्हणाली. "मी टाळ्यापण वाजवल्या."

नवाब हसल्यासारखा दिसला. खाली गाडीचा हॉर्न वाजला, जिन्यावर शेजाऱ्यांची पावलं धडधडली, पण तोवर त्याच्या हाताची पकड सुटली होती.