देवमनचे एकसष्ट पत्ते

मी एक गठ्ठा बोलतोय, एकसष्ट पत्त्यांचा. खेळायचे पत्ते नव्हेत. जाड कागदाचे, बारीक भोकं पाडलेले. नागपूरच्या एका कचेरीतलं संगणकयंत्र ती भोकं वाचतं.

मला अनसिंग गावच्या देवमननं घडवलं. कारखान्यांच्या धुराड्यांचा धूर कोणत्या गावावर किती उतरेल, याचं गणित त्या कचेरीत रोज चाले. गणित तेच, वारा तेवढा बदले. तरी माणसं रोज पत्ते नव्यानं जुळवत आणि रोज कुठेतरी चुकत. देवमननं माझ्यात यंत्राला द्यायच्या हुकमांचे पत्ते असे लावले, की सकाळी त्या दिवसाच्या वाऱ्याचा एक पत्ता मागे ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. पुढचं सगळं यंत्र आपसूक करी. कंटाळ्याचं काम त्यानं एकदाच मन लावून केलं, ते पुन्हा कुणाला करावं लागू नये म्हणून. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शहात्तरच्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. दुरुस्तीसाठी खोलीवर नेलेला मी त्याच्या पेटीतून अनसिंगला त्याच्या घरी आलो. तिकडे कचेरीत पुन्हा हातानं जुळवाजुळव सुरू झाली.

महिन्याभरानं कचेरीतला प्रेमसिंग मला न्यायला आला. देवमनचा धाकटा भाऊ भिवाजी उसळलाच.

"भाऊ मेला तवा कोणी आलं नाई. आता पत्ते पाह्यजे तुमाले?"

त्यानं माझा डबा अंगणात भिरकावला. मी चारी दिशांना पांगलो.

प्रेमसिंग ओरडला, "काय केलं बाबू? एक पत्ता मागंपुढं झाला तं मशीन चालत नाई. अन् यावर नंबर बी नाईत."

दारातून माय चंपाबाई एवढंच म्हणाली, "भिवा, तुह्या भावाच्या हातचं हाये ते. उचल."

भिवाजी वेचू लागला. तिसरीत शाळा सुटलेला. भोकं त्याला काय कळणार? पण प्रत्येक पत्त्याच्या वरच्या कडेला निळा ठिपका होता, पहिल्याचा डावीकडे, पुढच्याचा थोडा सरकून. त्यानं ठिपक्याला ठिपका लावला. हळूहळू माझ्या माथ्यावर तिरपी निळी रेघ उमटली. गठ्ठा सांडला तर न वाचताही लावता यावा, म्हणून देवमननं ती ओढली होती.

"मले वाटे, पेन झटकलं असन," प्रेमसिंग म्हणाला.

"शिकलेले मानसं तुमी," भिवाजी म्हणाला.

प्रेमसिंगनं मोजलं. साठच भरले.

भिवाजीनं सदऱ्याच्या खिशातून एक पत्ता काढला. त्याच्या पाठीवर देवमननं पेन्सिलीनं आपलं नाव लिहिलं होतं.

"याच्याबिगर नाई चालत?"

"नाई चालत रे."

"मंग नाव खोडू नका."

"नावानं मशीनचं काई अडत नाई."

भिवाजीनं तो पत्ता त्याच्या जागी सारला. रेघ सलग झाली.

त्याला तीन वर्षं झाली. रोज सकाळी मी यंत्रातून जातो, गावांवरच्या धुराचा तक्ता छापून निघतो. माझ्या कडा आता झिजल्यात. लवकरच माझ्यावरून नव्या पत्त्यांवर भोकं पाडतील. यंत्र भोकं तेवढी उतरवतं, पेन्सिल उतरवत नाही. ते काम ज्याच्या हाती येईल, त्यानं तिरपी रेघ ओढावी. आणि एका पत्त्याच्या पाठीवर, हातानं, देवमन असं लिहावं.