कोपरापर्यंतचा मांडा

"एवढी मोठी पोळी हातावर ताणली तर फाटणारच," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "संगणकात काहीही ताणता येतं, म्हणून ते संशोधन होत नाही."

पडद्यावर रत्नाचं ॲनिमेशन थांबलं होतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणलेला पुरणाचा मांडा. त्याच्याच हालचालीवर तिचा प्रबंध होता. जळगावच्या तिच्या मार्गदर्शकांनी किती वेळा सांगितलं, झेंडा घे, रुमाल घे, सोपं जाईल. ती हटली नव्हती.

"सर, मांडे खाल्लेत कधी?"

"विषय तो नाही."

"विषय तोच आहे."

दोंडाईच्याहून निघतानाच तिने पुरण भरलेल्या कणकेच्या गोळ्यांचा डबा आणला होता. बाह्या सारून तिने त्यातला एक गोळा उचलला आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत नेला.

"अहो, हे काय स्वयंपाकघर आहे?" परीक्षक ओरडले.

ती थांबली नाही. कोपरापर्यंत ताणलेला मांडा घेऊन ती थेट प्रोजेक्टरसमोर उभी राहिली. संगणकातला मांडा खऱ्या मांड्यावर पडला. काठाला काठ तंतोतंत जुळला.

"फाटाव नही, सर," ती सरळ अहिराणीत म्हणाली, मग मराठीत, "आता तुमचं गणित तपासा."