माझ्या काचेवरची हळद

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर. सोलापुरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत बसून उजेड मोजणं, एवढंच माझं काम. खळग्याखळग्यांच्या छोट्या तबकडीत कर्करोगाच्या जिवंत पेशी ठेवतात आणि त्यांना एक रंग पाजतात. मी निळा उजेड टाकला की जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या चमकत नाहीत. औषध घातल्यावर चमक घटली की समजायचं, औषध लागू पडलं.

नवा होतो तेव्हा माझा थाट काही और होता. पुढे माझ्याहून देखणी यंत्रं आली आणि मला कोपरा मिळाला. इथे संशोधन करणाऱ्या दीक्षाताईंनी मात्र मला सोडलं नाही. दोन वर्षं खपून केलेलं त्यांचं औषध त्या माझ्याकडूनच तपासून घेत. साफसफाईला अक्कम्मा होत्या. त्यांच्या घरी माग आहे आणि खंडेनवमीला मागाला हळदकुंकू लावल्याशिवाय तिथे कुणी जेवत नाही. यंदा त्यांनी मलाही तो मान दिला. झाकण उघडून आतल्या काचेला हळदीचं बोट लावलं. खरं सांगतो, मी फुलून गेलो.

पण हळदही निळ्या उजेडात हिरवी चमकते. दसऱ्यानंतरच्या चाचणीत मी सगळ्याच पेशी जिवंत दाखवल्या. पुन्हा चाचणी, पुन्हा तेच. चांगलं औषध माझ्यामुळे वाया चाललं होतं आणि मला बोलता येत नव्हतं. मला फार लाज वाटली.

"दसऱ्याआधी चांगलं चाललं होतं की," दीक्षाताई डोळे पुसत म्हणाल्या. "आता उद्या प्रयोगशाळेच्या सरांना सांगायचं, औषध बाद."

फरशी पुसणाऱ्या अक्कम्मांचा हात थांबला. "म्याडम, नवमीला मीच ह्येच्या काचंला हळद लावली. त्यानं काय झालंय का?"

"मावशी, आधी का नाही सांगितलंत?"

"हात लावू नका म्हणून पाटी हाय की. कामावरनं काढतील म्हणून भ्याले."

दीक्षाताई आधी रागावल्या. मग त्यांनी काच पुसली आणि ताज्या पेशी घेऊन त्यांत औषध घातलं. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे एकेक खळगा अंधारत गेला. औषध लागू पडलं होतं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काच स्वच्छ ठेवा. आणि हातून काही चुकलंच, तर भीती वाटली तरी सांगून टाका. आम्हाला ते सांगता येत नाही.

त्या दिवशी वहीत 'दोष कुणी शोधला' याच्यापुढे दीक्षाताईंनी अक्कम्मांचं नाव लिहिलं. अक्कम्मांनी ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.