ठरवमहाराजांचा सुखी पायजमा

बाजारामागच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक खिडक्यांत बसले होते, आणि खिडक्या संपल्या म्हणून एकमेकांच्या पायांवर उभे होते. सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या एका काचेच्या वस्तूला खिळलेले. खाली एक गोळा, वर एक गोळा, मध्ये वळणावळणाची बारीक नळी आणि खालच्या गोळ्यात लाल पाणी. त्या वस्तूचं नाव सुखमापक. तिच्या मालकाचं नाव बरंच लांबलचक होतं, पण तो दर दोन वाक्यांमागे "ठरवा!" म्हणून ओरडायचा, तेव्हा लोकांनी परस्पर त्याचं ठरवमहाराज करून टाकलं होतं.

"दुःख म्हणजे काय? सवय. नखं कुरतडायची असते तशीच," महाराज सांगत होते. "उदास वाटतं म्हणता. वाटून घेता म्हणून वाटतं. उद्यापासून वाटून घ्यायचं नाही. ठरवा!"

रीत अशी होती. दुःखी माणसाने आधी गार पाण्याच्या टोपात हात बुडवायचे, म्हणजे जुनं दुःख सैल होतं. मग खालचा गोळा मुठीत धरायचा. लाल पाणी ढिम्म हलायचं नाही. महाराज मान हलवून म्हणायचे, पाहा, अजून चिकटून बसलंय. मग हात कोरडे करून तळव्यावर तळवा खसाखसा घासत "मी ठरवलं, मी ठरवलं" असा जप करायचा, पार कपाळाला घाम येईपर्यंत. त्यानंतर गोळा पुन्हा धरला की लाल पाणी सुरसुर नळी चढायचं आणि वरच्या गोळ्यात उकळ्या फुटायच्या. सभागृह टाळ्यांनी दणाणून जायचं. एका आजोबांचं पाणी चढलेलं पाहून त्यांच्या सुनेला आनंदाने रडू कोसळलं, तर महाराजांनी तिलाही रांगेत उभं केलं.

फजिती एकाचीच झाली. बर्फाच्या कारखान्यातला बर्फवाला काम संपवून थेट तिथे आला होता. हा माणूस म्हणजे हसण्याचा कारखाना, स्वतःच्या लग्नात सुद्धा त्याला हसू आवरलं नव्हतं. त्याने तळव्यांची सालं निघेस्तोवर जप केला, पण पाणी काही चढेना. महाराजांनी निदान केलं, गुप्त दुःखी. बर्फवाला त्यावरही हसला, पण त्याची बायको घाबरली.

हे सगळं लॉन्ड्रीवाली मागच्या दाराशी उभी राहून बघत होती. तिची सासू पुढच्या रांगेत बसली होती, लेकाचा नंबर लावून. गेल्या वर्षी लॉन्ड्रीवालीच्या नवऱ्याचं काहीतरी बिनसलं होतं. घरात कोणी गेलं नव्हतं, दुकान बरं चाललं होतं, पण तो सकाळी पलंगाच्या कडेला बसायचा तो दुपारपर्यंत तसाच, एक मोजा पायात आणि एक हातात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, गोळ्या घ्याव्या लागतील, वेळ लागेल. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू दुसराही मोजा पायात जायला लागला. सासूबाईंना मात्र हे पटलं नव्हतं. आम्हाला बाई उदास व्हायला कधी सवडच मिळाली नाही, असं त्या येईल त्याला सांगायच्या.

नवऱ्याचा नंबर पुकारला तेव्हा तो दुकानात टेबलक्लॉथच्या ढिगाला इस्त्री करत होता. त्याला तसाच ओढत आणला. टोपातलं पाणी तोवर सांडून संपलेलं. महाराज म्हणाले, चालेल, धर नुसता गोळा. त्याने धरला मात्र, लाल पाणी उसळी मारून वर गेलं आणि असं खदखदलं की महाराज स्वतः एक पाऊल मागे सरकले. पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच सावरला.

"असा जीव मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले. "यानं जन्माला यायच्या आधीच ठरवलंय."

त्याच्या छातीवर पिवळी फीत लागली, सुखश्रेष्ठ. सासूबाईंनी घरी जाऊन गोळ्यांची पाकिटं आणली आणि व्यासपीठावरच्या त्यागपेटीत टाकली. लॉन्ड्रीवालीने त्यांना अडवलं नाही. खोटं कशाला सांगा, तिलाही बरंच वाटलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी तर काचेची होती, तिच्यातलं सगळं डोळ्यांना दिसत होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सुखश्रेष्ठांना व्यासपीठावर खुर्चीत बसवू लागले. लोक येऊन त्यांच्या बाहीला हात लावून जायचे. तो जमिनीकडे बघत बसायचा. महाराज समजावून सांगायचे की खरं सुख चेहऱ्यावर येत नसतं, ते आत मुरतं. एकाने धीर करून विचारलं, सुखाचं रहस्य काय? तो म्हणाला, मला झोप लागत नाही. महाराज गरजले, आनंदाने! लोकांनी ते लिहून घेतलं, आणि त्या रात्री निम्मी गल्ली मुद्दाम जागी राहिली.

एका दुपारी लॉन्ड्रीवालीला जळका वास आला. ती आत धावली. नवरा टेबलापाशी उभा होता, हात इस्त्रीच्या मुठीवर, आणि इस्त्रीखाली एक पांढरा शर्ट धुमसत होता. तिने बटण बंद केलं, इस्त्री उचलली.

"अहो, दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "उचलायची, उचलायची, असं ठरवत होतो. हातच उचलेना."

ती त्याला तशीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई चिडल्या. अशा गोळ्या एकदम बंद करतात का, कुणी सांगितलं, म्हणाल्या. नव्या लिहून दिल्या आणि याला एकटं सोडू नका असं बजावलं. पण घरी आल्यावर तो गोळी हातात घेईना.

"सगळ्यांनी काच बघितली," तो म्हणाला. "मी सुखी आहे. सुखी असूनही मला असं होतं, म्हणजे खोट माझ्यातच आहे. त्याला गोळी काय करणार?" मग तो शांतपणे म्हणाला, "दुकान तुला एकटीला जमेल."

त्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच. रात्रभर ती त्याचा हात धरून बसली. या माणसाने गोळी घ्यायला हवी असेल तर आधी ती काच खोटी ठरायला हवी, एवढं तिला उमगलं होतं. कशी, ते कळत नव्हतं.

सकाळी बर्फवाला कामाचे कपडे धुवायला घेऊन आला.

"वहिनी, माझी कथा ऐका," तो म्हणाला. "बायको मला रोज रडायला बसवते, आतलं दुःख बाहेर यावं म्हणून. मला हसू येतं. मग तीच रडते."

गाठोडं देताना त्याची बोटं तिच्या हाताला लागली आणि ती दचकली. बोटं कसली, बर्फाच्या कांड्याच. रात्रभर धरलेला नवऱ्याचा हात तिला आठवला. रात्रभर तो कोमट होता, पण काम करताना, इस्त्रीपाशी? ती आत गेली आणि टेबलाशी उभ्या नवऱ्याचा तळवा चाचपला. तव्यासारखा तापलेला. बाजूला कपड्यांच्या ढिगात महाराजांचा रेशमी पायजमा होता, सुखश्रेष्ठांच्या दुकानात फुकट धुवायला टाकलेला. ती त्या पायजम्याकडे बघत राहिली. मग बर्फवाल्याला म्हणाली, "भाऊजी, संध्याकाळी बादलीभर बर्फ आणाल का?"

संध्याकाळी सभागृह भरलं. तिने डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं, त्या कपाळाला आठ्या घालून कडेला उभ्या होत्या. महाराजांचं "ठरवा" सुरू झालं तशी लॉन्ड्रीवाली व्यासपीठावर चढली. सुखश्रेष्ठांची बायको, तिला कोण अडवणार? हातात नुकताच इस्त्री केलेला पायजमा, चौघडी घालून कापडात गुंडाळलेला.

"महाराज, तुमचे कपडे," ती म्हणाली, आणि तो गरम पायजमा तिने सुखमापकाच्या खालच्या गोळ्याभोवती लपेटला.

लाल पाणी सुसाट चढलं. वर उकळ्या फुटल्या. मागून कुणीतरी सवयीने टाळी वाजवली.

"महाराज," तिने विचारलं, "या पायजम्यानं ठरवलंय का?"

टाळी वाजवणाऱ्याचे हात हवेतच राहिले. पण महाराजही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पायजमा माझा आहे, ते म्हणाले, माझंच सुख त्यात उतरलंय. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पुढच्या रांगेतल्या एकाने पायजमा विकायचा आहे का, अशी चौकशीही केली.

तेवढ्यात बर्फवाला बादली घेऊन वर आला.

"मग तुमचंच सुख बघू या," तो अदबीने म्हणाला. "आधी हात बुडवा. जुनं दुःख सैल होतं."

नियम त्यांचाच. नाही म्हणायची सोय नव्हती. हात बुडले, बर्फवाल्याने गप्पा मारत ते बराच वेळ तिथेच ठेवले, आणि मग गोळा त्यांच्या मुठीत दिला. पाणी ढिम्म. महाराज घाईघाईने तळवे घासायला लागले.

"घासायचं कशाला?" बर्फवाला म्हणाला. "सुख मनात असतं ना? नुसतं ठरवा."

"ठरवा!" मागून एक पोरकट आवाज आला. मग दुसरा. मग अख्खं सभागृह ओरडायला लागलं, ठरवा, ठरवा. महाराजांची बोटं निळी पडली होती, दात वाजत होते आणि लाल पाणी जागचं हलत नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. असलं खेळणं माझ्या पुतण्याकडे होतं, त्या म्हणाल्या. आत पाणी नाही, थोड्याशा उबेनेही वाफ धरणारं रंगीत द्रव्य आहे. हात गरम असला की खाली वाफ साठते आणि द्रव्याला वर ढकलते. गार पाण्याने हात गार करायचे, घासून गरम करायचे, एवढाच सगळा चमत्कार. या काचेला फक्त हात कळतो, माणूस कळत नाही.

लोक एकमेकांच्या तळव्यांकडे बघायला लागले. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. इतके दिवस तिथे बसलेला सुखश्रेष्ठ उभा राहिला होता.

"म्हणजे मी सुखी नाही?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आजारी आहात."

त्याने छातीवरची फीत काढली आणि खुर्चीवर ठेवली. डोक्यावरचं गाठोडं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे त्याचे खांदे खाली आले. "बरं झालं," तो म्हणाला, आणि तिथेच सगळ्यांदेखत रडला. लॉन्ड्रीवालीने पदरात बांधून आणलेली गोळी काढली. पाणी सासूबाईंनी आणून दिलं.

महाराज गर्दीतून निसटले, पायजमा तिथेच टाकून. त्यागपेटी उघडली तर तिच्यात लोकांच्या गोळ्यांचा खच होता. डॉक्टरीणबाईंनी त्यातली एकही कुणाला परत दिली नाही, प्रत्येकाला दवाखान्यात यायला सांगितलं.

आता वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. तापाला थर्मामीटर असतो, उदासीच्या आजाराला कुठलीच काच नसते. म्हणून माणसाला विचारावं लागतं आणि तो सांगेल ते खरं मानावं लागतं. पाय मोडलेला माणूस ठरवून धावत नाही, आणि ठरवून हा आजारही जात नाही. ठरवायचंच असेल तर दवाखान्याची पायरी चढायचं ठरवावं, आणि ज्याला तेवढंही ठरवता येत नाही त्याच्याबरोबर आपण चढावं. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण धूर तर शेजाऱ्यालाही दिसतो.

गोळ्यांनी काही जादू केली नाही. किती दिवस तो नुसत्या रुमालांनाच इस्त्री करायचा. लॉन्ड्रीवाली सकाळी विचारायची, आज कसं आहे? तो म्हणायचा, आज वाईट आहे. मग ती मोठे कपडे स्वतःकडे ओढायची, आणि सासूबाई दोघांना चहा आणून द्यायच्या. बर्फवाला येता-जाता गार हात त्याच्या मानेला लावून पळायचा.

एक दिवस त्याने फळीवरचा रेशमी पायजमा खाली काढला, टेबलावर पसरला आणि इस्त्री फिरवता फिरवता विचारलं, हा कुणाचा राहिलाय? लॉन्ड्रीवाली म्हणाली, अहो, हाच तो, ज्यानं ठरवलं होतं. त्याने आधी इस्त्री उचलून बाजूला उभी केली, आणि मग हसला.