काठीबाबा आणि तीन काठ्यांचं अंतर

अगं, काय गर्दी होती सांगू. वाळूच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नाही आणि मधोमध काठीबाबा. एका झुडपापासून दुसऱ्यापर्यंत काठी टाकत जायचा. एक, दोन, तीन, की टोक बरोबर पुढच्या बुंध्याला. कुठलीही जोडी घ्या, तीनच.

"बी तुम्ही मुठीमुठीनं फेकलंत," बाबा म्हणाला, "मग अंतर कोणी मोजलं? माझ्या गुरूंनी, ह्याच काठीनं. ह्यांचं मूळ उशाशी ठेवा, दमा पळेल."

दमा आमच्या काकांना. म्हणून मावशी पदर खोचून झुडपं उपटायला सगळ्यांच्या पुढे. तिचं घर टेकडीच्या पायथ्याशी, आणि झुडपं लावली होती तीच मुळी वाळू घरात येऊ नये म्हणून. निम्मी टेकडी बोडकी झाली तेव्हा वाळूनं मागचं दार उघडेना, आणि धुळीनं काकांची धाप दुप्पट.

बाबा म्हणाला, "आजार बाहेर पडतोय."

कुठून पडतोय? दार तर बंद.

मग ताई आली. माझी थोरली बहीण, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते.

"मावशी, थांब आता."

"तू शिकलेली ना? मग अंतर सारखं कसं, ते सांग."

ताईनं फावडं घेऊन दोन झुडपांमधली मोकळी वाळू उकरली. मोकळी कसली, मुळांचं जाळं नुसतं.

"वर झुडूप टोपलीएवढं, खाली पसारा अंगणाएवढा. रोपं खेटून उगवली, पाणी सगळ्यांना पुरेना. बरीच वाळली, उरली ती अशी लांब लांब. आणि अगदी सारखी नाहीतच. काठी तू टाकून बघ."

"बाईच्या हाताला ही काठी चालत नाही," बाबा म्हणाला.

"आणि माझ्या नवऱ्याची धाप चालते?" मावशीनं काठी हिसकावली. पहिल्या जोडीत तीन काठ्या आणि वर वीतभर. दुसरीत तिसरी काठी मावेचना. तिनं चिडून टोक ओढलं, तर पितळी टोपीमागून नळी सुळकन बाहेर. ढकलली, की आत. पितळ उघडं पडणं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

बाबानं काठी परत मागितलीच नाही. चपलाही तिथंच.

बाबाच्या नादानं बंद केलेला काकांचा दम्याचा पंप पुन्हा सुरू झालाय. मावशी रोज बी घेऊन टेकडी चढते. उपटायला आठवडा पुरला, उगवायला वर्षं जातील. काठीवर ती कपडे वाळत घालते. हवी तेवढी लांब होते, सोयीची आहे म्हणते.

तेव्हा पाया पडायचंच असेल तर पडा बाई, पण आधी काठी स्वतःच्या हातात घेऊन बघा.